पापलेट केवढे घ्यावे? समुद्राला परवडणारा मासा निवडण्याविषयी

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला ‘राज्य मासा’ म्हणून घोषित केले. पालघर जिल्ह्यातल्या सातपाटी बंदरात या घोषणेचे विशेष स्वागत झाले, कारण तिथल्या मच्छीमार संस्थांनीच ही मागणी लावून धरली होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, शासनाने आणखी एक निर्णय जाहीर केला. समुद्रातल्या ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवण्यात आली आणि त्याहून लहान मासा पकडू नये, असा नियम झाला. पहिली बातमी बहुतेकांना आठवते; दुसरी मात्र बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत जवळजवळ पोहोचलीच नाही. पापलेट वाचायचे असेल तर ते दुसऱ्या निर्णयामुळे वाचेल, आणि तो निर्णय बंदरावर जितका पाळला जाईल तितकाच तो आपल्या स्वयंपाकघरातही पाळला जायला हवा. हे असे का, ते समजून घेण्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

साठा म्हणजे काय, आणि तो आटतो कसा

मत्स्यशास्त्रात ‘साठा’ हा शब्द वारंवार येतो. एका सागरी प्रदेशात राहणारे आणि आपापसांत प्रजनन करणारे एकाच जातीचे जेवढे मासे असतात, त्या सर्वांना मिळून त्या जातीचा तिथला साठा म्हणतात. समुद्रात ‘मासे’ नावाची एकच मोठी रास नसते. पालघर आणि गुजरातच्या पट्ट्यातल्या पापलेटचा हिशेब वेगळा असतो, कोकण आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या बांगड्याचा वेगळा. एक साठा भरलेला असताना दुसरा रिकामा होत असू शकतो, आणि बाजारात दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले असल्यामुळे गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागत नाही.

प्रत्येक साठ्यातून दरवर्षी काही मासे मरतात, काही पकडले जातात आणि नव्याने जन्मलेली पिल्ले मोठी होऊन त्यात भर घालतात. घट या भरीच्या आत राहिली, तर साठा टिकतो. कोकणात भातशेती करणाऱ्या घरात पुढच्या पेरणीचे बियाणे वेगळ्या कणगीत ठेवलेले असते आणि पावसाच्या तोंडावर घरातले तांदूळ संपले, तरी त्या कणगीला कोणी हात लावत नाही. अंडी देणाऱ्या माद्या आणि अजून वयात न आलेली पिल्ले ही समुद्रातली तशीच कणगी आहे. अडचण अशी, की ती वेगळी ठेवलेली नाही. खायचे धान्य आणि पेरायचे धान्य तिथे एकत्र पोहत असते. जाळ्याला त्यातला फरक कळत नाही, म्हणून तो माणसाला करावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्या हातात तीन साधने आहेत: जाळ्याच्या आसाचा, म्हणजे विणीतल्या भोकाचा, आकार, मासेमारीची वेळ आणि माशाची लांबी.

हे भान सुटले की काय होते, ते मुंबईच्या समुद्रात घडून गेलेले आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इथे तळावरून जाळे ओढणाऱ्या होड्या, म्हणजे ट्रॉलर, वाढले आणि तळाशी राहणारी, चपट्या अंगाची एक प्रकारची शेवंड (लॉब्स्टर) मोठ्या प्रमाणावर मिळू लागली. परदेशात तिला चांगला भाव होता. पोटाखाली अंडी बाळगणाऱ्या माद्याही इतरांबरोबर ओढून आणल्या जात होत्या. पकड काही वर्षे वाढली, मग घसरू लागली आणि १९९४ च्या सुमारास ही शेवंड मुंबईच्या बंदरांवर येईनाशी झाली. एका पिढीच्या आत एक संपूर्ण मासेमारी उभी राहिली आणि संपली.

जगाचा हिशेबही याच दिशेचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, अभ्यासलेल्या सागरी साठ्यांपैकी ३७.७ टक्के साठ्यांतून त्यांना झेपेल त्यापेक्षा जास्त मासळी काढली जात आहे. १९७४ मध्ये हे प्रमाण १० टक्के होते.

‘पण बाजारात मासे तर भरपूर दिसतात’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला अधिकृत आकड्यांचा आधारही आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ मध्ये भारताच्या किनाऱ्यावरील १३५ साठ्यांचे मूल्यमापन केले, तेव्हा त्यांतले ९१.१ टक्के साठे सुस्थितीत आढळले. ही बातमी आनंदाची आहे आणि समुद्र रिकामा झाला अशी हाकाटी करणाऱ्यांनी ती दडवू नये. आपल्याकडे अजून वाचवण्याजोगे पुष्कळ शिल्लक आहे, हाच तिचा अर्थ आहे.

मात्र या आकड्याकडून तो सांगत नाही ते ऐकण्याचा प्रयत्न करू नये. साठा सुस्थितीत आहे म्हणजे तो आजोबांच्या काळाएवढाच मोठा आहे असे नव्हे. आजच्या वेगाने मासेमारी चालू राहिली, तर तो तग धरेल, एवढेच त्यातून कळते. किनाऱ्यावर उतरणाऱ्या एकूण मासळीचा आकडाही असाच फसवा असतो. भारतात अलीकडे वर्षाला सुमारे ३५ लाख टन सागरी मासळी उतरते. पण तेवढीच मासळी मिळवण्यासाठी होड्यांना पूर्वीपेक्षा दूर जावे लागत असेल, जास्त दिवस राहावे लागत असेल, किंवा मोठ्या माशांची जागा लहानांनी घेतली असेल, तर वजनाच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

लहान मासा वेगळा, माशाचे पिल्लू वेगळे

लांबीच्या नियमाबद्दल ऐकले की अनेकांचा पहिला प्रश्न असतो: मग मांदेली आणि जवळा खायचा नाही का? गोंधळ इथेच होतो, म्हणून हा मुद्दा नीट पाहू.

जवळा पूर्ण वाढलेला असतानाही तेवढाच असतो. मांदेली मोठी झाली तरी हाताच्या पंजात मावते. या जाती झपाट्याने वाढतात, लवकर वयात येतात आणि त्यांची पिढी लवकर बदलते. त्यामुळे मासेमारीचा ताण त्या मोठ्या जातींपेक्षा चांगला सोसतात. याउलट, तळहाताएवढी सुरमई हे एका मोठ्या माशाचे पिल्लू आहे, ज्याने आयुष्यात एकदाही अंडी दिलेली नाहीत. दोन्ही ताटात सारखेच ‘लहान मासे’ दिसतात, पण पहिल्यात काही गैर नाही आणि दुसऱ्यात आपण कणगीत हात घातलेला असतो.

‘किमान कायदेशीर लांबी’ ही म्हणूनच जातीगणिक वेगळी आहे. महाराष्ट्राच्या यादीत पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे, बोंबलासाठी १८० मिलिमीटर, तर सुरमईसाठी ३७० मिलिमीटर. बाजारात कोणी पट्टी घेऊन जात नाही, पण खिशातला मोबाइल फोन बहुधा पंधरा-सोळा सेंटीमीटर लांब असतो. जे पापलेट फोनपेक्षा आखूड दिसते ते घेऊ नये, इतका ढोबळ नियम पुरेसा आहे.

त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कायद्यातली लांबी ही सर्वांत खालची मर्यादा आहे. ती आदर्श लांबी नव्हे. पापलेटची मादी अंडी देण्याजोगी होते तेव्हा ती सहसा या मर्यादेहून बरीच मोठी झालेली असते. शिवाय, मासा जसा वाढतो तशी त्याची अंडी केवळ वाढत नाहीत, तर वजनाच्या मानाने अधिक वेगाने वाढतात, त्यामुळे एक मोठी मादी अनेक लहान माद्यांचे काम करते. म्हणून अगदी अवाढव्य, अंड्यांनी भरलेली सुरमई किंवा घोळ ही देखील फुशारकीने घरी आणण्याची वस्तू नाही. मध्यम, पूर्ण वाढलेला मासा घेणे हे दोन्ही टोकांपेक्षा बरे.

पानात मावणारे पापलेट

लहान पापलेट बाजारात येते कारण ते विकले जाते, आणि ते विकले जाण्यामागे मोठा हात ताटाच्या आकाराचा आहे. उपाहारगृहातल्या थाळीत एका माणसाला एक अख्खे पापलेट वाढायचे असेल, तर ते वाटीभर आमटी आणि भाकरीच्या शेजारी मावले पाहिजे आणि थाळीच्या दरातही बसले पाहिजे. लग्नकार्याच्या पंगतीतही हेच गणित चालते. अर्धा किलोच्या पापलेटचे तुकडे करून वाढण्यापेक्षा शंभर-दीडशे ग्रॅमचे अख्खे वाढले की पान सजते, आणि खाणाऱ्यालाही आपल्याला पूर्ण मासा मिळाल्याचे समाधान वाटते. ज्या माशाला आपण राज्याचा मान दिला, त्याची पिल्ले या समाधानापायी जातात.

बदलायला सर्वांत सोपी जागा मला हीच वाटते. तुकडा वाढणे हा आपल्याकडे कमीपणा कधीच नव्हता. सुरमई आणि रावस आपण तुकड्यांतच खातो. मोठ्या पापलेटचे तुकडे करून कालवण केले तर चवीत उणे काही येत नाही. अख्खाच मासा हवा असेल, तर बांगडा आहे. तो पूर्ण वाढला तरी ताटात मावतो.

इथे आपल्याच धोरणातली एक विसंगती सांगितली पाहिजे. निर्यातीच्या शेवंडीसाठी केंद्र सरकारने २००३ मध्येच किमान वजन ठरवून दिले होते, आणि मुंबईच्या बाजूला मिळणाऱ्या चिखलाळ भागातल्या शेवंडीसाठी ते ३०० ग्रॅम होते. परदेशी गिऱ्हाइकाच्या ताटात कोवळी शेवंड जाऊ नये याची काळजी आपण घेतली, पण इथल्या माशांसाठी व्यापक यादी यायला त्यानंतर वीस वर्षे लागली. केरळने हे पाऊल २०१५ मध्येच उचलले होते. तिथे तारलीसाठी १० आणि बांगड्यासाठी १४ सेंटीमीटरची मर्यादा आहे.

जाळ्यात एकच मासा येत नाही

थंड प्रदेशांतल्या समुद्रांत काही जातींचे प्रचंड थवे असतात आणि होडी बऱ्याच अंशी ठरवून एकच मासा पकडू शकते. आपला समुद्र उष्ण कटिबंधातला आहे. इथे एका ओढीत डझनावारी जाती येतात आणि त्यांत हव्या असलेल्या माशांबरोबर नको असलेलेही असतात. या नकोशा भागाला ‘अनाहूत पकड’ म्हणू. त्यात पिल्ले असतात, कासवे असतात, मुशीची (शार्कची) नवजात पिल्ले असतात, आणि ज्यांना बाजारात भाव नाही असे कितीतरी जीव असतात. त्यांतला मोठा हिस्सा वाळवून, दळून फिशमील बनवण्यासाठी जातो.

म्हणून मासा कोणता, याइतकाच तो कोणत्या जाळ्याने आला हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ट्रॉलचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढले जाते. कोळंबी त्यात चांगली मिळते, पण तळही खरवडला जातो आणि सगळ्यांत जास्त अनाहूत पकड याच पद्धतीत होते. पर्ससीनचे जाळे बांगडा किंवा तारलीच्या थव्याला वेढा घालून खालून आवळले जाते. ते तळ बिघडवत नाही, मात्र थवाच्या थवा एका झटक्यात उचलते, आणि त्यामुळेच महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच्या परवान्यांवर, क्षेत्रावर आणि कालावधीवर निर्बंध आणले. प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, कारण उजेडाकडे लहान-मोठे सगळेच धावतात. गिलनेट म्हणजे पाण्यात उभे सोडलेले, आसात मासा अडकवणारे जाळे. आस मोठा असेल तर लहान मासा त्यातून निसटतो, म्हणून ते त्यातल्या त्यात विवेकी म्हणावे लागेल. गळाने धरलेली सुरमई किंवा रावस तर उत्तमच, कारण तिथे मासा एकेक करून येतो.

पारंपरिक ते सगळे निर्दोष, असे मात्र समजू नये. बोंबील, मांदेली आणि जवळ्यासाठी वापरली जाणारी डोल ही आपल्या किनाऱ्याची जुनी पद्धत आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात ती एका जागी ताणून बांधलेली असते, तिला ओढायला डिझेल लागत नाही आणि तळही शाबूत राहतो. पण जवळ्यासारखा बारीक जीव अडकावा म्हणून डोलीच्या शेवटच्या भागाचा, म्हणजे खोल्याचा, आस अतिशय बारीक ठेवावा लागतो, आणि पापलेटची पिल्ले किनाऱ्याजवळ येतात त्या महिन्यांत तीही त्यात सापडतात. हा पेच खरा आहे, त्याच्याकडे पुन्हा येऊ.

मुशी आणि पाखट यांच्याविषयी एक स्वतंत्र सूचना करावीशी वाटते. मालवणी स्वयंपाकात मोरीच्या, म्हणजे लहान मुशीच्या, मटणाचे स्थान मोठे आहे, आणि बाजारात नेहमी दिसणारी लहान मुशी इतर मुशींच्या मानाने लवकर वाढतेही. परंतु मुशींच्या बहुतेक जाती उशिरा वयात येतात आणि एका वेळी मोजकीच पिल्ले देतात. देवमुशीला (व्हेल शार्कला) वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षण आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी आणखी वाढवली. सोललेल्या, कापलेल्या तुकड्यांवरून जात ओळखणे गिऱ्हाइकाला शक्य नसते, म्हणून तुकडे केलेली मोठी मुशी न घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

कासवांचा प्रश्न तर आपल्या निर्यातीपर्यंत जाऊन पोहोचला आहे. ट्रॉलच्या जाळ्यात कासवाला बाहेर पडण्यासाठी जी झडप बसवावी लागते ती आपल्या ट्रॉलरांवर नसल्यामुळे अमेरिकेने २०१९ पासून भारताच्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. ज्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला लोक ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले पाहायला दुरून येतात, त्याच किनाऱ्यासमोरच्या जाळ्यांचा हा विषय आहे.

हंगाम: बंदीचे दिवस आणि त्याआधीचे महिने

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून या काळात असते. पावसाळी समुद्रात होडी घालणे धोक्याचे असतेच, शिवाय अनेक जातींचा अंडी घालण्याचा आणि पिल्ले वाढण्याचा काळही याच्या आसपास येतो. पूर्वी महाराष्ट्रात या बंदीचा शेवट नारळी पौर्णिमेशी जोडलेला होता. आता ती तारखेने उठते आणि बहुतेक वर्षी नारळी पौर्णिमा त्यानंतर येते. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, ही मागणी मच्छीमारांच्या संस्थांतूनच होत आली आहे आणि ती मला पटते.

हंगामाचे महत्त्व शिंगाळ्याच्या उदाहरणाने चटकन कळते. शिंगाळ्याच्या अनेक जातींत नर फलित अंडी तोंडात धरून ठेवतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन आले, तेव्हा तोंडात अंडी असलेल्या नरांचे थवेच्या थवे उचलले गेले. बाप आणि पुढची पिढी एकाच ओढीत गेली, आणि पुढच्या काळात तिथली शिंगाळ्याची मासेमारी कोसळली.

जून-जुलैत ताजा मासा मिळाला, तर तो बेकायदाच असतो असे नाही. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नाही, पूर्व किनारा जूनच्या मध्यापासून खुला होतो आणि शीतगृहातला मासाही विकला जातो. तरीही कोकणी स्वयंपाकाने या दिवसांची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे: सुके बोंबील, सुका जवळा, सोडे, खारा बांगडा. गोड्या पाण्यातला रोहू-कटला आहे, आणि रायगडच्या खारेपाटातल्या तळ्यांत वाढवलेला जिताडाही आहे. इनसीझनफिश आणि नो युअर फिश यांसारख्या भारतीय उपक्रमांनी कोणत्या महिन्यात कोणता मासा टाळावा याची माहिती सर्वांसाठी उपलब्ध केली आहे. ज्याला बारकाईने जायचे आहे त्याने ती जरूर पाहावी.

‘लहान जातींचे मासे खा’ हा सल्ला नेहमीच खरा असतो का?

बहुधा असतो, पण डोळे मिटून नव्हे. तारली ही झपाट्याने वाढणारी आणि स्वस्त जात आहे, त्यामुळे ती सर्वांत निर्धोक वाटेल. केरळमध्ये २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये ती अवघी ३,२९७ टन झाली. यात मासेमारीचा भाग होता तसाच समुद्राच्या बदलत्या तापमानाचा आणि प्रवाहांचाही होता. तारलीचे थवे अशा बदलांना फार संवेदनशील असतात. पुढे ती परतली, २०२३ मध्ये केरळात लाखाहून अधिक टन उतरली. तारलीवर सुरमई, कुपा आणि डॉल्फिनही जगतात, त्यामुळे तिच्या पडत्या वर्षांत जाळ्यांनी थोडे थांबणे हे एका माशापुरते नसते, सगळ्या साखळीसाठी असते. गिऱ्हाइकाने यातून घ्यायचे ते एवढेच, की वर्षानुवर्षे एकाच माशावर अडून राहू नये. बाजारात जे मुबलक आणि पूर्ण वाढीचे आले आहे ते घ्यावे.

तळ्यातली कोळंबी घेतली तर प्रश्न सुटतो?

अंशतः सुटतो. आज शहरात मिळणारी मोठी पांढरी कोळंबी बहुधा व्हॅनामी जातीची असते आणि ती मुख्यतः आंध्र प्रदेशातल्या तळ्यांतून येते. ती घेतल्याने समुद्राचा तळ खरवडला जात नाही, हे खरे. पण तिच्या खाद्यात फिशमील असते आणि ते समुद्रातल्या लहान माशांपासूनच बनते. तळ्यातले घाण पाणी खाडीत सोडले गेले तर ते नुकसान वेगळेच. कालवे आणि शिनाणे या शिंपल्यांची शेती मात्र निराळी आहे. हे जीव पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात, त्यांना वरून काही घालावे लागत नाही. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) प्रकल्पातून महिलांच्या गटांनी अशी शेती करून पाहिली आहे. समुद्रातले काहीतरी खायचे आणि समुद्राला भार व्हायचे नाही, असे ज्याला मनापासून वाटते त्याला याहून चांगला पदार्थ मी सुचवू शकत नाही.

एखादा शिक्का पाहून मासा का घेता येत नाही?

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना सुपरमार्केटमधल्या माशांच्या वेष्टनावर एमएससी या संस्थेचा निळा शिक्का दिसत असेल. ती मासेमारी साठ्याला झेपणारी आहे, असे स्वतंत्र तपासनिसांनी ठरवल्यावरच तो मिळतो, आणि तिथे तो उपयोगी आहे. भारतात पहिल्यांदा हे प्रमाणपत्र २०१४ मध्ये केरळमधल्या अष्टमुडी खाडीतल्या तिसऱ्यांना, म्हणजे तिथल्या शिंपल्यांना, मिळाले. तिथे नव्वदच्या दशकात तिसऱ्या घटल्या होत्या. मग डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी, ठरावीक आसाचीच जाळी आणि कोवळ्या तिसऱ्यांची विक्री बंद, असे नियम लागू झाले आणि ते पाळलेही गेले.

आपल्या मासळीबाजारात असा शिक्का नजीकच्या काळात येईल असे मला वाटत नाही. तपासणीचा खर्च मोठा असतो, आणि एका होडीत वीस जाती येत असतील तर शिक्का नेमका कशावर मारायचा हा प्रश्न उरतोच. लाल-हिरव्या रंगांच्या परदेशी याद्याही इथे जशाच्या तशा चालत नाहीत. आपल्याकडे शिक्क्याची जागा चार प्रश्न घेऊ शकतात: हा मासा पूर्ण वाढलेला आहे का, कोणत्या बंदराचा आहे, कोणत्या जाळ्याचा आहे, आणि सध्या याचे दिवस आहेत का. नेहमीच्या मासे विकणाऱ्या मावशींना यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे ठाऊक असतात. सुरमईचे तुकडे घेताना कापण्याआधी मासा केवढा होता ते पाहून घ्यावे, एवढी काळजीही पुष्कळ आहे.

‘ते पिल्लू मेलेलेच आहे, मग घेतले तर काय बिघडले?’

सर्वांत अवघड आक्षेप हा आहे, आणि तो बहुधा विकणाऱ्याकडून येतो. डोलीत सापडलेली पापलेटची पिल्ले वर काढेपर्यंत मेलेली असतात. ती समुद्रात परत टाकून साठा वाढत नाही, आणि विकली तर निदान बर्फाचे पैसे निघतात. ज्याच्या घरात डिझेलची उधारी आहे, त्याला यावर उपदेश करण्याचा अधिकार माशांच्या गिऱ्हाइकाला नाही.

पण आजच्या पाटीतली पिल्ले वाचणार नसली, तरी पुढच्या ओढीतली वाचू शकतात. कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात पिल्लांचे थवे येतात हे दर्यावर जाणाऱ्याला कोणत्याही शास्त्रज्ञाइतके ठाऊक असते. त्या दिवसांत जाळे दुसरीकडे लावायचे की तिथेच ठेवायचे, हा निर्णय तो पिल्लांना मिळणाऱ्या भावावर घेतो. भाव शून्य असेल, तर पिल्लांनी भरलेला खोला उपसणे म्हणजे नुसते कष्ट. सातपाटीच्या सहकारी संस्थांत पापलेट वजनाच्या प्रतवारीने घेतले जाते आणि अर्धा किलोच्या वरच्या माशाला किलोमागे लहानाच्या कितीतरी पट दर मिळतो. म्हणजे आज पाचपन्नास रुपयांत गेलेले पिल्लू वर्षभर समुद्रात राहिले असते, तर त्याच बंदरातल्या कोणाच्या तरी घरात मोठी रक्कम आली असती. कोळी, गाबीत, भंडारी, दालदी अशा ज्या समाजांचे पोट यावर आहे, त्यांनीच ट्रॉल, पर्ससीन आणि एलईडीच्या विरोधात सर्वांत आधी आवाज उठवला, तो हेच गणित कळत असल्यामुळे.

यात गिऱ्हाइकाच्या हातात नसलेला एक भाग उरतो. खोल्याचा आस मोठा करायचा, ट्रॉलच्या शेवटच्या भागात लहान मासा निसटून जाईल असा चौकोनी आस बसवायचा, तर जाळे बदलावे लागते, पहिल्या काही महिन्यांत पकडही घटते, आणि हा तोटा लहान होडीवाल्याला एकट्याने पेलणे शक्य नाही. सिंधुदुर्गात चौकोनी आसाच्या जाळ्यांचा प्रयोग यूएनडीपीच्या प्रकल्पाच्या मदतीने झाला, तो मदतीमुळेच पुढे जाऊ शकला. ५४ जातींची यादी काढणाऱ्या शासनाने जाळे बदलण्याचा खर्च आणि त्या घटीच्या महिन्यांची भरपाई देणारी योजना प्रत्येक बंदरात पोहोचवली पाहिजे, आणि मासळीबाजार ज्यांच्या ताब्यात आहेत त्या पालिकांनी प्रत्येक बाजाराच्या दारावर त्या यादीतल्या नेहमीच्या दहा-बारा माशांची चित्रे त्यांच्या खऱ्या किमान लांबीत रंगवून लावली पाहिजेत.